मापाच्या वहीतला एक इंच

मौनी मास्तर फार विचार करून बोलतात, असं गिऱ्हाइकांचं एकमत होतं. कोटाचं माप घेऊन झालं की ते क्षणभर खिडकीकडे बघत, डोळे मिटत आणि मग आकडा सांगत. बघणाऱ्याला वाटे, कापड, अंगलट, माणसाची बसण्या-उठण्याची ढब असा सगळा विचार आत चाललाय. प्रत्यक्षात आत चाललेलं असायचं ते इतकंच, की मास्तरांच्या जिभेला 'चाळीस' हा शब्द उचलवत नसे आणि ते घाईघाईने दुसरा शब्द शोधत असत. कमी बोलणाऱ्याला शहाणा समजायची जगाची रीतच आहे. तिचा फायदा आजवर पुष्कळ मूर्खांनी घेतलाय, मास्तरांनीही घेतला तर त्यात एवढं काय?

मास्तर लहानपणापासून अडखळत. पण त्यांचं अडखळणं फार थोड्या लोकांनी ऐकलं होतं, कारण शब्द अडणार असं दिसलं की ते आधीच वाट बदलत. चहाचा 'च' अडला तर कॉफी मागत. कॉफी त्यांना मुळीच आवडत नसे. बसमध्ये आपल्या थांब्याचं नाव येईना, तर पुढच्या थांब्याचं तिकीट काढत आणि तेवढं अंतर मागे चालत येत. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक ज्यांना नावं ठेवून म्हणतात, त्यांचा मास्तरांना मनापासून हेवा वाटे.

आकड्यांचंही तसंच. अडणारं अक्षर कायमचं ठरलेलं नसे. काही महिने 'च' छळे, मग तो जरा सैल पडे आणि 'त' नाहीतर 'प' अडून बसे. चाळीस येत नसेल तर मास्तर एक्केचाळीस सांगत, चौतीस येत नसेल तर पस्तीस. नेहमी एक वरचा, खालचा कधीच नाही. त्यात शिंप्याची अक्कल होती. सैल झालेलं कापड आत घेता येतं, आखूड पडलेलं कुठून वाढवणार? ट्रायलच्या दिवशी टाचण्या लावून आपण तो जास्तीचा इंच गुपचूप काढून टाकू, असा त्यांचा बेत असे.

दुकान वडिलांपासूनचं. पुढच्या खोलीत आरसा, मापाची जागा आणि काउंटर. काउंटरमागे उंच स्टुलावर मास्तरांची थोरली बहीण बसे. मास्तरांनी आकडा सांगायचा, ताईने वहीत लिहायचा. वही मग मागच्या खोलीत जाई. तिथे ताईचा नवरा, म्हणजे मास्तरांचे भाऊजी, ती बघून कापड कापत. बावीस वर्षं हे असं चाललं होतं. फोन उचलणं, गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलणं, उशीर झाला तर थाप मारणं, ही बोलायची सगळी खाती ताईकडे होती. शाळेतही ती भावाच्या वर्गात येऊन त्याच्या वतीने उत्तरं द्यायची. बाई ओरडल्या तर म्हणायची, "त्याला येतंय सगळं, मी फक्त सांगतेय."

एक गोष्ट मात्र मास्तरांना कधी उलगडली नाही. एक्केचाळीस म्हणून सांगितलेला कोट ट्रायलला चाळीस इंची छातीवर चपखल बसायचा. जास्तीचा इंच काढायला ते टाचण्या घेऊन उभे राहत, आणि काढायला इंच नसेच. शेवटी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, भाऊजींचा हात आखडता आहे. भाऊजी कापतातच कमी. मनातल्या मनात त्यांनी त्या आखडत्या हाताचे आभारही मानले. वही उघडून बघायचं त्यांना कधी सुचलं नाही. चोराच्या मनात चांदणं! आपण सांगितलेल्या खोट्या आकड्यांचं तोंड बघायची त्यांना हौस नव्हती.

मग डोळ्यांच्या दवाखान्यातला तो प्रसंग घडला. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. मास्तरांना स्वतःचं नाव आलं नाही, म्हणून त्यांनी दुसरंच एक सोपं नाव सांगून टाकलं. दोघं नवराबायको तासभर बाकावर बसली. आतून चार वेळा कुणाला तरी हाक मारली गेली. बायको म्हणाली, "अहो, कोण हा गाढव? एवढ्या हाका मारतायत, आणि उठत नाही!" मास्तर म्हणाले, "मी." हा शब्द तेवढा झटक्यात आला.

बायको आधी हसली. मग घरी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिने सरकारी इस्पितळातल्या वाचा-उपचाराच्या बाईंची वेळ घेतली आणि नवऱ्याला हाताला धरून नेलं.

बाई वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण करारी. त्यांनी शिकवलं, शब्दाच्या आधी थांबा. श्वास घ्या. ओठ-जीभ सैल सोडा, आणि शब्द हळूच सुरू करा. प्रत्येक शब्दाला नाही जमलं तरी महत्त्वाच्या शब्दाला करा. मास्तरांनी महत्त्वाचे शब्द म्हणून आकडे धरले.

त्याच बाईंनी एका मंडळाचा पत्ता दिला. अडखळणारी माणसंच ते चालवत. वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी दहा-बाराजण जमत. तिथे वेगळाच प्रकार. एक गणिताचे सर होते, ते म्हणाले, "थांबायचं बिंबायचं राहू दे. अ-अडखळा की खुशाल! लपवणं सोडा. आपल्याला होतो त्यातला निम्मा त्रास लपवण्याचा असतो." तिथे लोक मुद्दाम अडखळत, हसत, पुन्हा अडखळत. समोरच्याला आधीच सांगून टाकायचं, की बाबा, मी अडखळत बोलतो, जरा दम धर. पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगायला मास्तरांना पाऊण मिनिट लागलं. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. घरी येताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

पण चार-सहा आठवड्यांत डोक्याचं पार खोबरं झालं. बाई म्हणतात थांबा, सर म्हणतात अडखळा. हळू सुरू केलेला शब्द आपला, की धडपडत आलेला आपला? आणि बावीस वर्षं जो शांत, विचारी मनुष्य लोकांना दिसत होता, तो मग कोण? एक ना धड भाराभर चिंध्या. मास्तर रात्री नीट झोपत, पण सकाळी दाढी करताना आरशाकडे संशयाने बघत. शेवटी त्यांनी तडजोड केली. घरी आणि मंडळात अडखळायचं, दुकानात थांबून बोलायचं. बायकोला, शेजाऱ्यांना, दोन जुन्या गिऱ्हाइकांनाही त्यांनी सांगून टाकलं. ताईला सांगायचं राहून गेलं. तिला काय सांगायचं, तिला तर पहिल्यापासून माहीतच आहे, असं त्यांनी धरलं.

दुकानात आता ते खरा आकडा सांगू लागले. टेप लावायचा, खिडकीकडे बघायचं, श्वास, ओठ सैल, "...चाळीस." आला! दरवेळी त्यांना आतून उड्या माराव्याशा वाटत. बावीस वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक आकडा आणि टेपवरचा आकडा एक झाला होता.

आणि कोट घट्ट होऊ लागले.

पहिला कोट एका निवृत्त पोस्टमनचा. बटण लागेना. "मास्तर, जेवलो नाही अजून, तरी ही तऱ्हा," ते म्हणाले. मग एका बँकेतल्या बाईंचं जाकीट काखेत काचू लागलं. मग आणखी दोन. मास्तर चक्रावले. खोटं बोलत होतो तेव्हा कपडे अंगासरशी बसत होते, खरं बोलायला लागलो तर माणसं कपड्यांत मावेनात! कुठल्या जगाचा हा न्याय? आपला हात बिघडला म्हणावं, तर टेप ते तीन-तीनदा लावून बघत. शब्दाकडे लक्ष गेलं म्हणून बोटांवरचं उडालं असेल, असा एक विचार त्यांच्या मनात शिरला, आणि एकदा शिरल्यावर निघेना.

अशातच हॉटेलच्या वेटरांचे सव्वीस कोट आले. एवढं मोठं काम दुकानात वडिलांच्या वेळेपासून आलं नव्हतं. मास्तरांनी बायकोला सांगितलं, "हे कोट नीट झाले तर ठीक. घट्ट झाले तर इस्पितळ बंद, मंडळ बंद. मी आपला प-पहिल्यासारखा राहीन." गेल्या दोन महिन्यांत नवरा जेवताना तिच्याशी बोलत होता, अडखळत का होईना, दिवसभरातलं काहीबाही सांगत होता. ते बंद होईल ह्याची तिला धास्ती होती, आणि कोट घट्ट होऊ नयेत म्हणून ती बापडी काय करणार?

ट्रायलला कोट घेऊन मास्तर एकटेच हॉटेलवर गेले. पहिल्या वेटरचा घट्ट. दुसऱ्याचा घट्ट. सातव्यानंतर त्यांनी मोजणं सोडलं. सव्वीसच्या सव्वीस मुलगे हात अंगापासून लांब धरून, श्वास रोखून रांगेत उभे होते. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "मास्तर, काय झालंय ते बघा आणि मला सोमवारी फोन करून सांगा. नाहीतर मला दुसरीकडे जावं लागेल." मास्तरांनी मान हलवली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

रविवारी ते मंडळात गेले ते निरोप घ्यायला. निरोप घ्यायचा म्हणजे कारण सांगावं लागतं. कारण सांगायला वीस मिनिटं लागली आणि सगळ्यांनी ती ऐकली. गणिताच्या सरांनी विचारलं, "किती घ-घट्ट?"

"इंच."

"कुणाचा अर्धा, कुणाचा दीड, असं नाही?"

मास्तरांनी आठवून बघितलं. पोस्टमन, बँकेतल्या बाई, वेटर. "नाही. सगळ्यांचा इंचच."

सर हसले. "मग तुमचा हात बिघडलेला नाही. हात बिघडला की चुका विस्कटलेल्या येतात. पोरांच्या पेपरात बघतो ना मी! सव्वीस चुका रांगेत, शिस्तीत उभ्या राहत नाहीत. कुणीतरी एक व-वजा करतंय. घोडं कुठं पेंड खातंय ते बघा, आणि मग जायचं तर जा."

सोमवारी मास्तर दुकान उघडायच्या आधीच मागच्या खोलीत शिरले. त्यांचा संशय अर्थातच भाऊजींच्या आखडत्या हातावर. भाऊजी कापडावर खडूने रेघ मारत होते. मास्तरांनी एका दमात विचारलं, म्हणजे त्यांच्या दमाने चार दमांत, "भाऊजी, तुम्ही कमी का-का-कापता का?"

भाऊजींनी खडू खाली ठेवला. दुखावलेच ते. "मास्तर, आयुष्यात मी वहीच्या बाहेर सूतभर गेलो नाही. ही घ्या वही." त्यांनी पान उघडलं. हॉटेलच्या पहिल्या वेटरची छाती, ताईच्या टपोऱ्या अक्षरात, एकोणचाळीस.

मास्तरांना तो वेटर आठवला. उंच, डाव्या भुवईवर खूण. टेपवरचा चाळीसचा आकडा आठवला, आणि तो शब्द तोंडातून सुटला तेव्हाचा आनंदही. त्यांनी पान उलटलं. सगळीकडे एक कमी. मागची वर्षं उलटली. एक्केचाळीस म्हणून सांगितलेल्या प्रत्येक जागी चाळीस लिहिलं होतं. भाऊजी नुसते बघत राहिले. त्यांना ह्यातलं काही कळत नव्हतं, आणि खरं तर मास्तरांनाही अजून कळत नव्हतं.

ताई आली, पर्स ठेवली, स्टुलावर चढली. मास्तरांनी वही तिच्यापुढे धरली. "मी चा-चा-चाळीस म्हणालो होतो."

ताईने वहीकडे बघितलं, मग भावाकडे. ती घाबरली नाही, उलट तिला नवल वाटलं. "अरे, पण तू थांबला होतास."

"म्हणजे?"

"तू थांबलास, की एक वाढवून सांगतोस," ताई म्हणाली. पाण्याला ओल असते, असं सांगावं तसं. "खिडकीकडे बघतोस, डोळे मिटतोस आणि एक वाढवतोस. पहिल्याच वर्षी कळलं मला. तेव्हा इथून टेपवरचा आकडा दिसायचा, आता नाही दिसत. मग मी एक कमी करून लिहायला लागले. न थांबता म्हणालास की तसंच लिहायचं, थांबलास की एक कमी."

"आणि हल्ली?"

"हल्ली तर तू प्रत्येक आकड्याला थांबायला लागलास! मला वाटलं, तुझं वाढलंय." तिचा आवाज बारीक झाला. "मला काळजी वाटत होती. कुणाला बोलले नाही. म्हटलं, आपण सांभाळून घेऊ."

मास्तर मापाच्या जागेवर जाऊन उभे राहिले, कारण दुसरं कुठे उभं राहावं ते सुचेना. बावीस वर्षं त्यांनी जी चोरी प्राणपणाने लपवली, ती साडेतीन हातांवर बसलेल्या बहिणीला पहिल्या वर्षापासून माहीत होती. राग आला त्यांना, सपाटून आला. लाजही वाटली. आणि त्यातच हेही दिसलं, की रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी ही बाई पेन धरून आपल्या चेहऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. हिच्या पाया पडावं, की हिला दुकानाबाहेर काढावं? दोन्ही एकदम वाटत होतं.

"मला सां-सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू माप घेणं सोडलं असतंस."

हे खरं होतं. त्याने तर आणखीनच पंचाईत झाली.

मग मास्तरांनी तिला इस्पितळातल्या बाईंचं सांगितलं, थांबणं का शिकलो ते सांगितलं, मंडळाचं सांगितलं. मध्ये मध्ये ती शब्द पुरवत होती, दोन वेळा तर चुकीचा पुरवला. भाऊजी दारात उभं राहून ऐकत होते. शेवटी त्यांनी कामाचं विचारलं, "मग ह्या वहीतलं खरं माप कुठलं?"

ताईने बरीच पानं चाळली. "हल्लीची सांगता येतील. मागची नाही येणार. कधी मी चुकून वजा केलं असेल, कधी तो खरंच विचार करायला थांबला असेल. आता कुणाला माहीत?"

हॉटेलचं तेवढं निभण्यासारखं होतं. शिवणीत आत इंचभर कापड राखून ठेवायची भाऊजींची पद्धत होती, कोट सैल करता आले असते. पण आता अंदाजाने काही करायचं नाही, असं मास्तरांनी ठरवलं. सव्वीस मुलांना बोलावून पुन्हा मापं घ्यायची. म्हणजे मॅनेजरला फोन करायचा.

ताईचा हात सवयीने फोनकडे गेला. मास्तर म्हणाले, "नको."

फोन हा मास्तरांचा जन्माचा वैरी. समोर माणूस असला तर खिडकीकडे तरी बघता येतं. त्यांनी नंबर लावला. पलीकडून "हॅलो" आलं. मास्तरांच्या तोंडून आवाजच फुटेना. पलीकडचा दोनदा हॅलो हॅलो म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

"दे इकडे," ताई म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा नंबर लावला. ह्या वेळी त्यांनी थांबणं, श्वास, सैल ओठ, सगळं सोडून दिलं आणि धडक मारली. "फ-फ-फोन ठेवू नका. मी कोटांचा मा-मास्तर. मी अडखळत बोलतो. वेळ लागतो मला."

मग मॅनेजर म्हणाला, "बोला, मी आहे."

आता सांगायचं होतं ते एवढंच, की चूक आमची झाली. 'च' पुन्हा भिंतीसारखा उभा राहिला. आणि नेहमीप्रमाणे शेजारून दुसरा शब्द हजर झाला, गफलत. किती सोपा! गफलत झाली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मास्तरांना समोर ताई दिसत होती. तिचे ओठ हलत होते. ती आवाज न करता भावाचा शब्द उच्चारत होती, आणि ओठांवरून स्पष्ट दिसत होतं, की तीही गफलतच म्हणत होती. मग तिच्या ते लक्षात आलं आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात धरला.

"च," मास्तर म्हणाले. "च... च-च... च..." कपाळावर घाम आला. भाऊजी भिंतीकडे बघू लागले. "...चूक आमची झाली. मु-मुलांना पाठवा. परत मापं घेतो."

"उद्या पाठवतो," मॅनेजर म्हणाला. बाकी काही नाही. इतकंच होतं ते.

मास्तरांनी फोन ठेवला. बरं वाटतंय की वाईट, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. ताईने तोंडावरचा हात काढला. डोळे भरले होते, पण बोलली ती भांडल्यासारखी.

"आमची कशाला म्हणालास? तू बरोबर सांगितलं होतंस. चुकीचं तर मी लिहिलं."

"बावीस वर्षं," मास्तर म्हणाले, "ब-ब-बरोबर सां-सांगितलं नव्हतं मी."

एवढं म्हणायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. ताई मध्ये एक अक्षर बोलली नाही.